फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका समितीने ‘थोरांची ओळख’ या सदरासाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी एखाद्या कबड्डीपटूबद्दल लिहीन असं बहुतेकांना वाटलं असणार. माझी सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत खेळाचे तास घेण्यात गेली. आपल्याकडे खेळ म्हणजे पहिला मान कबड्डीचा. त्यानंतर भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरांत रंगणारं टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल आपल्याकडे फक्त पावसाळ्यात, तोही चिखलात पोरं लोळतात तेवढाच.

तरीही मी एका फुटबॉलच्या मास्तरांवर लिहायचं ठरवलं. कारण साधं आहे. आपल्या ए आणि बी विंगमधल्या मोकळ्या जागेत जी पोरं संध्याकाळी बॉल लाथाडत असतात, त्यांच्या अंगावर मेस्सी आणि रोनाल्डोचे टी-शर्ट असतात. युरोपातल्या क्लबांचे गोलरक्षक त्यांना तोंडपाठ आहेत. पण आपला भारत एके काळी ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये चौथा आला होता आणि आशियात दोनदा पहिला आला होता, हे सांगितलं की पोरं आपण थापा मारतोय अशा नजरेने बघतात. ही थाप नाही. या तिन्ही वेळी संघाच्या मागे एकच माणूस उभा होता, आणि तो पेशाने शाळामास्तर होता. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत.

२०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमा आला. आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. सिनेमात गाणी, भांडणं, डोळ्यांत पाणी सगळं असतं, आणि ते असायलाही हवं. पण रहीमसाहेबांनी नेमकं शिकवलं काय आणि कसं, ते सिनेमात पुरेसं येत नाही. खेळाच्या मास्तराला त्यातच जास्त रस, म्हणून हा लेख.

हैदराबादचा शाळामास्तर

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तेव्हा हैदराबाद म्हणजे निजामाचं संस्थान. आपला मराठवाडाही त्यातच होता, आणि औरंगाबादचं कॉलेज रहीमसाहेबांच्याच उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने मराठवाड्यातली कॉलेजची मुलं आणि रहीमसाहेब एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी.

कॉलेजच्या दिवसांत त्यांनी फुटबॉलचं मैदान गाजवलं. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा संघ होता, त्यात ते खेळायचे. बी. ए. झाल्यावर त्यांनी शाळेत नोकरी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादच्या शाळांमधून त्यांनी शिकवलं. मध्ये शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि मग शाळेच्या खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शाळेत खेळाच्या सरांना काय मान असतो ते आपण जाणतोच. इतर विषयांचे सर वर्गात शिकवतात, खेळाचे सर मैदानात उभे राहतात, आणि परीक्षा जवळ आली की पहिला तास कापला जातो तो त्यांचाच. रहीमसाहेब या वर्गातले होते.

१९४० च्या दशकात ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाचं प्रशिक्षण त्यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. पुढचा इतिहास तर मुंबईच्या मैदानावरच घडला. कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानात रोव्हर्स कप ही फार जुनी स्पर्धा व्हायची, तिची सुरुवात १८९१ सालची. कलकत्त्याचे मोठमोठे क्लब त्यात उतरायचे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप हैदराबाद पोलिसांनी नेला. दिल्लीचा ड्युरँड कपही रहीमसाहेबांच्या काळात चार वेळा त्यांच्याकडे आला. राज्यांच्या संतोष ट्रॉफीत हैदराबादच्या संघाने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं बाजी मारली. तोपर्यंत भारतात फुटबॉल म्हणजे कलकत्ता असं समीकरण होतं. हैदराबादच्या हवालदारांनी ते मोडलं.

अनवाणी पाय

रहीमसाहेबांची पद्धत समजून घ्यायची तर आधी तेव्हाचा आपला फुटबॉल कसा होता ते सांगायला हवं. आपले खेळाडू बहुतेक अनवाणी खेळायचे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सोल्जरांच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचा एकच खेळाडू बूट घालून खेळत होता. तेव्हापासून अनवाणी खेळणं हा एक अभिमानच होऊन बसला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही आपले बरेचसे खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून फक्त २-१ असे हरले. त्यामुळे तो अभिमान आणखी पक्का झाला.

आपल्या आश्रमशाळेतली पोरं डांबरी रस्त्यावर, ढेकळांत, काट्याकुट्यांत अनवाणी पळतात आणि बूट घातलेल्यांना मागे टाकतात, ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. अनवाणी पायाला चेंडू नीट कळतो, हे खोटं नाही. चेंडू अंगाला चिकटवून दोघा-तिघांना चकवायचं असेल तर अनवाणी पाय भारी. पण समोरचा गडी बूट घालून जोरात धडकला, जमीन ओली आणि थंड असली, लांबचा जोरकस फटका मारायचा असला, की अनवाणी पाय कमी पडतो.

१९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या एकमेव गोलाने आपण इराणला हरवलं आणि सुवर्णपदक मिळवलं. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती, सगळीकडे आनंदीआनंद झाला.

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, हाच भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. दहा गोल! थंडी, ओलं मैदान आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमसाहेबच होते. म्हणजे दीड वर्षाच्या आत हाच माणूस आशियात अव्वल ठरला आणि जगासमोर दहा गोलांनी उघडा पडला.

या हारीनंतर भारतीय फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. पण रहीमसाहेबांनी त्या पराभवातून फक्त बुटांचा धडा घेतला नाही. बूट तर दुकानातही मिळतात. आपला खेळच जुना झालाय, हे त्यांनी ओळखलं. एक सोनं जिंकलेला माणूस दुसऱ्या वर्षी आपली सगळी पद्धत बदलायला तयार होतो, हे सोपं काम नाही. आपल्यापैकी कितीजण यश मिळालेली पद्धत सोडायला तयार होतील, याचा विचार करून बघा.

बदललेला डाव

आता थोडं मांडणीचं सांगतो. फुटबॉलची माहिती नसलेल्या वाचकांनी कबड्डीचं मैदान डोळ्यासमोर आणावं. कबड्डीत चढाई करणारा गडी कितीही भारी असला, तरी मागची साखळी तुटली, कोपरारक्षक जागेवर नसला, की डाव गेला. फुटबॉलचंही तसंच आहे.

जुन्या पद्धतीत गोलरक्षकासमोर दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सगळ्यात पुढे पाच फॉरवर्ड असायचे. म्हणजे अकरातले पाच चढाईला आणि बचावाला मागे फक्त दोघं. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला आणि चढाई करणाऱ्यांचं काम सोपं झालं. तेव्हा इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधला हाफबॅक मागे ओढला आणि तिसरा बॅक तयार केला. ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे मात्र दोन बॅकवरच कितीतरी वर्षं काम चाललं होतं. रहीमसाहेबांनी आपल्या संघांत तिसरा बॅक आणला.

जग मात्र पुढेच चाललं होतं. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनला वेम्ब्लीवर जाऊन इंग्लंडला ६-३ असं हरवलं. त्यांचा मधला फॉरवर्ड हिदेगकुती पुढे उभा न राहता मुद्दाम मागे येऊन खेळायचा. त्याला धरायला जाणारा इंग्लंडचा बॅक जागा सोडायचा आणि त्या रिकाम्या जागेतून बाकीचे हंगेरियन घुसायचे. पुढे १९५८ साली ब्राझीलने चार बॅक आणि चार फॉरवर्डची ४-२-४ पद्धत खेळून वर्ल्डकप जिंकला.

हे सगळं टीव्ही नसताना, मोबाइल नसताना घडत होतं. सामन्याचं वर्णन वर्तमानपत्रात चार ओळींत यायचं. हैदराबादेत बसलेला एक शाळामास्तर परदेशी संघांचा खेळ बारकाईने समजून घेत होता आणि आपल्या पोरांना झेपेल तेवढा त्यातून उचलत होता. १९५६ च्या संघात त्यांनी हंगेरीसारखा मागे येऊन खेळणारा फॉरवर्ड वापरला. १९६० च्या सुमारास चार बॅकची पद्धत त्यांच्या संघांत रुळली.

नकलेऐवजी सराव

कागदावर आकडे लिहिणं सोपं. खरं शिकवणं सरावात असतं, आणि रहीमसाहेबांचं वेगळेपण तिथेच होतं.

आपल्या खेळाडूंना चेंडू पायात घोळवत ठेवायची भारी हौस. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या वाजवायचे. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसऱ्याने चेंडू काढून घेतला. रहीमसाहेबांनी यावर उपाय म्हणून चक्क स्पर्धा भरवल्या, आणि त्यात चेंडू घोळवायचाच नाही असा नियम ठेवला. चेंडू आला की लगेच पुढच्याला द्यायचा. आता असं खेळायचं तर चेंडू पायात यायच्या आधीच डोकं वर करून बघावं लागतं की आपला गडी कुठे आहे. भाषण न देता, नुसत्या एका नियमाने त्यांनी पोरांना बघायला शिकवलं.

दुसरी स्पर्धा कमजोर पायाची. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याने खेळायचं, डावखुऱ्याने उजव्याने. पोरं सुरुवातीला हसली असतील, वैतागली असतील. पण काही महिन्यांत गडी दोन्ही बाजूंना वळायला लागतो आणि समोरच्याला कळत नाही की आता हा कुठून मारणार.

यात पैसे काही लागत नाहीत. बॉल एकच, मैदान तेच. बदलला तो फक्त नियम. म्हणून मी ही उदाहरणं मुद्दाम देतोय. चांगल्या शिक्षणासाठी परदेशी प्रशिक्षक आणि हिरवंगार कृत्रिम गवत लागतंच असं नाही.

तिसरी गोष्ट, गडी ओळखण्याची. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडा गावात तुळसीदास बलराम नावाचा एक गरीब पोरगा होता. खेळ उत्तम, पण रोज हैदराबादेत सरावाला यायचं तर पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. किन्हवलीहून किंवा सरळगावहून तालुक्याला सामना खेळायला यायला एसटीचं भाडं नसलेली पोरं ज्यांनी बघितलीत, त्यांना या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको. हाच बलराम १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिम्पिक खेळला.

मेलबर्न आणि रोम

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला बूट घातलेला, नवा डाव शिकलेला भारतीय संघ गेला. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आला नाही म्हणून आपल्याला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाने मारले. हा आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळणारा, मूळचा गोव्याचा गडी. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत उपांत्य फेरीत पोहोचला, आणि तिथवर जाणारा तो आशियातला पहिला संघ ठरला.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! चार वर्षांपूर्वी दहा गोल देणारा तोच देश. पुन्हा नेव्हिलनेच गोल मारला आणि काही काळ भारत पुढे होता. शेवटी आपण ४-१ असे हरलो, ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० असे हरलो आणि चौथे आलो. पदक हुकलं. पण चार वर्षांपूर्वीच्या १०-१ शी तुलना केली तर एका मास्तराने चार वर्षांत काय केलं ते दिसतं.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये आपला गट कठीण होता. हंगेरीशी २-१ अशी निसटती हार, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि पेरूकडून ३-१ अशी हार. गटातून बाहेर पडलो, पण त्यावेळच्या बलाढ्य संघांना घाम फोडला. या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहीद हकीमही होता. निवड झाली होती, पण एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. बाप प्रशिक्षक असूनही पोरगा बाकावरच राहिला. यावर मी काही बोलत नाही, वाचकांनीच काय ते समजावं.

जकार्ताचं सोनं

१९६२ चे आशियाई खेळ इंडोनेशियात जकार्ताला होते. रहीमसाहेबांची तब्येत तेव्हाच ढासळलेली होती. कॅन्सर त्यांच्या शरीरात शिरला होता. तरी ते संघाबरोबर गेले.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरलो. पुढच्या सामन्यात थायलंडला ४-१ असं हरवलं, पण बचावाचा आधार असलेला जर्नेलसिंग डोक्याला मार लागून जायबंदी झाला. सहा टाके पडले. नंतर जपानला २-० असं हरवून आपण उपांत्य फेरीत गेलो.

आता मास्तराची कसोटी. बचावाच्या खेळाडूला सतत डोक्याने चेंडू परतवावा लागतो. टाके पडलेल्या डोक्याने तो कसा परतवणार? पण जर्नेलसारखा ताकदवान गडी बाहेर बसवायचा तर संघ अर्धा होतो. रहीमसाहेबांना माहीत होतं की जर्नेल कॉलेजच्या दिवसांत फॉरवर्ड म्हणून खेळलेला आहे. त्यांनी त्याला बचावातून काढून थेट पुढे, मधल्या फॉरवर्डच्या जागी उभं केलं. जर्नेलने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल मारला. कर्णधार चुनी गोस्वामीने दोन मारले आणि भारत ३-२ असा जिंकला.

हा जुगार वाटतो, पण तो जुगार नव्हता. आपल्या प्रत्येक गड्याचा मागचा इतिहास ज्याच्या डोक्यात आहे, त्यालाच असा निर्णय घेता येतो. मुलाने आठवीत असताना काय केलं होतं ते दहावीच्या वर्गशिक्षकाला माहीत असावं, तसंच हे.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ ला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख लोक, आणि ते जवळपास सगळे भारताच्या विरोधात. कारण फुटबॉलचं नव्हतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. आशियाई खेळांचे एक जुने संघटक, भारताचे जी. डी. सोंधी यांनी त्याला उघड विरोध केला, म्हणून जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला होता. आपल्या वकिलातीवर निदर्शनं झाली होती. अशा वातावरणात पोरांना मैदानात उतरवायचं होतं. त्या गोंगाटात पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू मात्र आपल्या संघाला प्रोत्साहन देत होते, अशी आठवण आपले खेळाडू पुढे सांगायचे.

आदल्या रात्री रहीमसाहेबांनी संघाला जवळ बसवलं आणि आपल्यासाठी एकच भेट मागितली, उद्याचं सोनं. त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू म्हातारपणापर्यंत हे सांगत राहिले.

सामना सुरू होऊन सतरा मिनिटं झाली आणि पी. के. बॅनर्जीने पहिला गोल मारला. तीन मिनिटांनी टाके पडलेल्या डोक्याच्या जर्नेलने दुसरा मारला. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये उभा होता. कोरियाने शेवटी-शेवटी एक गोल परतवला, पण भारत २-१ असा जिंकला. पहिल्या सामन्यात ज्यांनी हरवलं त्यांनाच शेवटच्या सामन्यात हरवून सोनं घेतलं.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब हैदराबादेत गेले. वय फक्त त्रेपन्न.

मागे काय राहिलं

त्यांच्यानंतर लगेच सगळं संपलं असं नाही. १९६४ साली आशिया कपात भारत दुसरा आला, १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत ब्राँझ मिळालं. त्यानंतर आशियाई खेळांत आपल्या पुरुषांच्या फुटबॉल संघाला एकही पदक नाही, आणि १९६० नंतर ऑलिम्पिकलाही आपण पोहोचलेलो नाही. त्यांचे काही शिष्य स्वतः नावाजलेले प्रशिक्षक झाले, पी. के. बॅनर्जी त्यातले सगळ्यात मोठे. मुलगा हकीमही पुढे प्रशिक्षक झाला. पण रहीमसाहेबांचं जे ज्ञान होतं, ते शाळाशाळांतल्या खेळाच्या सरांपर्यंत पोहोचवायची काही सोय आपण केली नाही. ते खेळाडूंच्या आठवणींत राहिलं आणि खेळाडूंबरोबर म्हातारं झालं. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

खेळाचा एक जुना मास्तर म्हणून मला त्यांच्या आयुष्यातलं सोनं तर आवडतंच, पण त्याहून जास्त आवडतात ती हेलसिंकी ते मेलबर्नमधली चार वर्षं. दहा गोल खाऊन आलेला माणूस घरी बसला नाही. दोष खेळाडूंच्या माथी मारून मोकळाही झाला नाही. त्याने नवा डाव शिकून घेतला, तो आपल्या पोरांना झेपेल असा बदलून घेतला आणि त्यासाठी साधे, बिनखर्चाचे सराव शोधले. दर थोड्या वर्षांनी जग पुढे गेलं की तोही पुढे गेला.

आता एक आपल्या घरचं. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटचा विषय यंदाच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे मोजक्या स्कूटर होत्या, आज गाड्या लावायला जागा पुरत नाही, हे खरं आहे. आसनगावहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याला रात्री परतल्यावर गाडी लावायला जागा हवी, यात चूक काहीच नाही. सगळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की काही भाग मातीचाच ठेवायचा, ते सभेत सगळे मिळून ठरवतील. मी माझं मत सभेतही मांडीन, इथेही मांडतो : निदान कबड्डीच्या मैदानाएवढी तरी माती राहू द्या. त्यावर कबड्डी होईल, पावसाळ्यात फुटबॉल होईल आणि गणपतीत मांडवही होईल.

आणि माती राहिली तर तिथे आठवड्यातून दोन दिवस शिट्टी घेऊन उभं राहणारा एक मोठा माणूसही लागेल. सध्या ते काम मी करायला तयार आहे, गुडघे साथ देतील तोवर. माझ्यासोबत एखाद्या तरुण सभासदाने यावं, म्हणजे माझ्यानंतर ते बंद पडणार नाही. पहिल्या महिन्यात पोरांना एकच नियम सांगू : बॉल घोळवायचा नाही, आला की द्यायचा. दुसऱ्या महिन्यात डावा पाय. पोरं कुरकुर करतील. करू देत.